आजोबांच्या ट्रंकेतलं रिव्हॉल्वर: किंमत नंतर, आधी नंबर बघा

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा फौजेतून रिटायर झाले, १९९६ ला वारले. आता वाड्याचं काम काढल्यावर माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत कातडी होल्स्टरमध्ये एक जुनं रिव्हॉल्वर निघालं, सोबत पाच काडतुसं आणि लायसन्सचं पुस्तक, ज्यात शेवटचं रिन्यूअल १९८९ चं दिसतंय. वरच्या पट्टीवर 'मार्क ६' आणि बाजूला १९१७ साल आहे. अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो ही वेबली आहे, म्हणजे जुनं ब्रिटिश फौजी रिव्हॉल्वर, अँटिक आहे, अँटिकला लायसन्स लागत नाही, इकडे पाठव, ऑक्शनला लावू. वाचकाला तीन गोष्टी हव्यात, ओरिजिनल आहे का, किंमत किती येईल आणि विकायचं कसं.

तुम्ही चार फोटो पाठवलेत आणि ते फॅमिली ग्रुपवरही टाकलेत असं लिहिलंय. आधी ते थांबवा. डिलीट करत बसू नका, उगाच लपवाछपवी वाटते, फक्त पुढे कुणाला पाठवू नका.

आता वकील म्हणून मुद्द्याचं बोलतो. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्याच्या कलम ३ प्रमाणे लायसन्सशिवाय बंदूकच काय, काडतूससुद्धा ठेवता येत नाही. ट्रंक उघडेपर्यंत तुम्हाला काहीच माहीत नव्हतं ना, तोपर्यंत तुमची बाजू भक्कम होती, कारण 'ताबा' म्हणजे जाणीवपूर्वक ताबा हे सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्येच गुणवंतलालच्या केसमध्ये सांगितलंय. पण आता तुम्हाला माहिती आहे, फोटो आहेत, फोटोवर तारीख आहे. म्हणजे ज्या दिवशी ट्रंक उघडली त्या दिवसापासून घड्याळ तुमच्या विरोधात चालू झालं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५(१-ब) खाली शिक्षा कमीत कमी २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५, वर दंड. घाबरवायला नाही सांगत, पण 'बघू दिवाळीनंतर' असं करू नका.

चुलतभावाचं 'अँटिकला लायसन्स नको' हे अमेरिकेचं आहे, आणि तिथलंही त्याने अर्धंच सांगितलंय. तिकडच्या फेडरल कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार अँटिक धरतात, मार्क ६ तर १९१५ ला आलं, तुमचं १९१७ चं, म्हणजे ते तिथेही त्या सवलतीत बसत नाही. आपल्याकडे कलम ४५(क) मध्ये जुन्या पद्धतीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे खरी, पण पुढे शेपूट आहे, की ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं असलं पाहिजे. होल्स्टरमध्ये तेल लावून ठेवलेली वेबली यात बसते असं मी कोर्टात उभं राहून म्हणणार नाही. शिवाय ती चालते की नाही हे तुम्ही किंवा गावातला मिस्त्री ठरवत नाही, वेळ आली तर फॉरेन्सिक लॅबचा बॅलिस्टिकवाला, म्हणजे बंदुका-गोळ्या तपासणारा तज्ज्ञ ठरवतो.

आणि परदेशात पाठवायचं तर विसराच. वस्तू १०० वर्षांपेक्षा जुनी झाली की १९७२ च्या पुरावशेष कायद्याचा प्रश्नही येतो आणि त्या कायद्याखाली पुरावशेष खाजगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही. कुरिअरच्या स्कॅनरमध्ये ते सापडलं तर तुमची केस घ्यायला मला फी मिळेल, पण ती मला नकोय.

ओरिजिनल आहे का हे विचारलंत. मी शस्त्रतज्ज्ञ नाही, पण अशा केसेसमुळे थोडं कळतं आणि फोटोवरून दिसतं ते सांगतो. मार्क ६ ची नळी ६ इंची, मूठ खाली चौकोनी (आधीच्या मार्कची गोलसर, पक्ष्याच्या डोक्यासारखी), फ्रेमवर 'वेबली पेटंट्स' आणि साल, हे सगळं जुळतंय. पण आपल्या उपखंडात खैबर खिंडीकडच्या कारागिरांनी हुबेहूब नकला केल्यात, त्यात इंग्रजी अक्षरं उलटी किंवा स्पेलिंग चुकलेलं सापडतं, तेव्हा अक्षरं नीट बघा, म्हणजे फोटो झूम करून बघा, हात लावून नाही. संग्राहक लोक बघतात ती मुख्य गोष्ट म्हणजे फ्रेमवरचा आणि सिलिंडरवरचा नंबर एकच आहे का. मूळ निळसर पॉलिश असेल तर भाव, कुणी नंतर चकचकीत निकेल चढवलं असेल तर भाव पडतो. सिलिंडर मागून घासून त्यात अमेरिकन .४५ ची गोळी बसवायची जुनी टूम होती, तशी घासलेली असेल तरी भाव पडतो. म्हणून उत्साहात ब्रासो मारायचं नाही, गंज खरवडायचा नाही. त्यात नंबर पुसट झाला तर नुसता भाव जात नाही, कलम ८ प्रमाणे नंबर पुसलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडलं त्यानेच तो पुसला असं धरलं जातं आणि नाही हे तुम्ही सिद्ध करायचं.

आता वकील म्हणून मला वेगळाच नंबर जुळवायचाय, हत्यारावरचा आणि लायसन्सच्या पुस्तकातला. तो जुळला तर हे आजोबांचं कायदेशीर हत्यार होतं, फक्त रिन्यूअल राहिलं, अशी सरळ गोष्ट होते. नाही जुळला तर ते कुठून आलं हा प्रश्न उभा राहतो आणि मग मला आधी भेटा, एकटे पोलीस स्टेशनला जाऊ नका. त्या पुस्तकाची किंमत तुमच्यासाठी रिव्हॉल्वरपेक्षा जास्त आहे, लॅमिनेट वगैरे करू नका, झेरॉक्स काढा आणि ओरिजिनल जपून ठेवा.

नंबर जुळला असं धरून पुढचं सांगतो. कलम २१ म्हणतं की लायसन्स संपल्यामुळे किंवा कुठल्याही कारणाने ताबा बेकायदेशीर झाला तर विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सधारक डीलरकडे जमा करा. मी पोलीस स्टेशनच सांगेन, आणि बाइकच्या डिकीत टाकून घेऊन जायचं नाही, वाटेत नाकाबंदी लागली तर सगळंच बिघडलं. आधी लेखी अर्ज द्या की अमुक दिवशी वाड्याचं काम करताना हे सापडलं, पुस्तकाची झेरॉक्स जोडली आहे, आपण येऊन पंचनामा करून ताब्यात घ्यावं. अर्जावर पोच घ्याच, ठाणे अंमलदार 'साहेब आल्यावर बघू' म्हणाला तर तोच अर्ज पोलीस अधीक्षक आणि कलेक्टर ऑफिसच्या गृह शाखेला स्पीड पोस्टाने. पंचनाम्यात मेक, बोअर (नळीचं माप), नंबर, काडतुसं किती हे सगळं आलंय का वाचून मग सही करा. कलम ३ च्या गुन्ह्यात खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्याची मंजुरी लागते (कलम ३९), आणि स्वतःहून जमा करणाऱ्या माणसाच्या फाईलीत तुमचा तो अर्ज सगळ्यात वर असतो.

जमा केलं म्हणजे गेलं असं नाही. मुदतीत तुम्ही लायसन्स मिळवून परत घेऊ शकता किंवा ज्याला ठेवायचा हक्क आहे त्याला विकून पैसे घेऊ शकता. मुदत घालवलीत तर मात्र सरकारजमा होऊ शकतं. वारसाला लायसन्स देण्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमात आहे, पण तुम्ही लिहिलंय की काकांकडे १२ बोअर आणि एक रायफल आहे. मग काकांच्या नावावर नाहीच होणार, २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं, वारशाचं धरूनसुद्धा. अर्ज तुमच्या नावाने करा.

खरी अडचण बोअरची. मार्क ६ हे .४५५ चं, म्हणजे फौजेच्या गोळीचं, आपल्याकडे त्याला 'पीबी' म्हणजे प्रोहिबिटेड बोअर म्हणतात. ते कलेक्टरच्या हातात नसतं, फाईल दिल्लीला गृह मंत्रालयात जाते, आणि 'आजोबांची आठवण' एवढ्या कारणावर तिथे फार आशा ठेवू नका. किंमतीचं गणितही इथेच बसतं. भारतात जुन्या इम्पोर्टेड हत्यारांना भाव येतो तो .३२ सारख्या नॉन-पीबी बोअरला, कारण खाजगी आयात कित्येक वर्षं जवळपास बंद आहे आणि घेणारे भरपूर आहेत. पीबीला गिऱ्हाईक म्हणजे पीबी लायसन्सवाला, असे किती असतात? त्यामुळे चुलतभावाने सांगितलेले डॉलर रुपयात करून बसू नका, तो भाव त्या बाजाराचा आहे. खरा आकडा हवा तर हत्यार जमा झाल्यावर पंचनाम्याची कॉपी घेऊन दोन-तीन लायसन्सधारक डीलरना लेखी कोटेशन मागा.

आणि विक्री ठरली तर पैसे तुमचे एकट्याचे नाहीत. तुम्ही दोन आत्यांचा उल्लेख केलाय, आजोबांच्या मालमत्तेत त्याही वारस आहेत, वारसाच्या लायसन्सला असो की विक्रीला, त्यांचं ना-हरकत पत्र आत्ताच घेऊन ठेवा, वाड्याच्या वाटणीवरून बोलणं बंद व्हायच्या आधी.