जर्मनीत नाचायला येताय आणि पुढे नृत्यरचना करायची आहे, तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्मनीतल्या एका नगरपालिकेच्या नाट्यगृहाने तुम्हाला बॅले नर्तिका म्हणून एका हंगामाचा करार देऊ केला आहे, तुमचे वय एकोणतीस आहे, मुलगी सहा वर्षांची आहे, आणि चार-पाच वर्षे नाचून पुढे नृत्यरचनाकार व्हावे असा तुमचा मानस आहे. हे कितपत जमण्यासारखे आहे आणि कुटुंबाला केव्हा आणावे, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाचे अर्ज, लागणारी कागदपत्रे, विम्याचे नियम हे सगळे दूतावासाच्या संकेतस्थळावर नीट दिलेले आहे, ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. मी नर्तिका म्हणून या देशात आले आणि आज नृत्यरचनाकार म्हणून इथेच काम करते. या दोन्हींच्या मधल्या काळाबद्दल मात्र कुठेच काही लिहिलेले सापडत नाही, आणि तुमच्या प्रश्नाने तोच काळ माझ्या मनात पुन्हा वर आला आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी करार. जर्मन नाट्यगृहांतले करार हंगामापुरते असतात आणि कोणी काही कळवले नाही तर ते आपोआप एका हंगामाने वाढतात. मी नाचत होते तेव्हा नाट्यगृहाने ३१ ऑक्टोबरपर्यंत ‘पुढच्या हंगामासाठी करार वाढवणार नाही’ असे कळवले नाही, तर पुढचे वर्ष पक्के समजायचे असा नियम होता. त्यामुळे ऑक्टोबर महिना कंपनीत कसा जातो हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. क्लासमध्ये बारला, म्हणजे सरावाच्या आडव्या दांडीला, धरून उभे असताना कोणाला कार्यालयात बोलावणे आले आहे याकडे सगळ्यांचे कान असतात. त्यातही लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की, नाट्यगृहाचा प्रमुख किंवा बॅलेचा संचालक बदलला की नवा माणूस आपले नर्तक घेऊन येतो आणि जुन्यांपैकी बऱ्याच जणांना जावे लागते. यात तुमच्या नाचाच्या दर्जाचा काही संबंध नसतो. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी पगाराच्या आकड्याइतक्याच गांभीर्याने संचालकाचा स्वतःचा करार कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे विचारून घ्या. हा प्रश्न इथे कोणाला उद्धट वाटत नाही.

आता नृत्यरचनेकडे येते. जर्मनीचे नाव घेतले की सगळे श्टुटगार्ट शहरातल्या बॅले कंपनीचा दाखला देतात, आणि तो खोटा नाही. जॉन क्रँको दक्षिण आफ्रिकेत जन्मला, तिथेच रचना करू लागला, मग लंडनला गेला आणि १९६१ साली श्टुटगार्ट बॅलेचा संचालक झाला. त्याच्या कंपनीत नर्तक म्हणून आलेल्यांपैकी अमेरिकेचा जॉन नॉयमायर १९६९ मध्ये फ्रँकफुर्टचा बॅले संचालक झाला आणि १९७३ पासून त्याने हॅम्बुर्गची कंपनी तब्बल अर्धशतक चालवली. प्रागहून आलेला यिर्झी किलियान पुढे नेदरलँड्समध्ये गेला. १९७३ मध्ये, म्हणजे क्रँको गेला त्याच वर्षी, विल्यम फोर्साइथ श्टुटगार्टला नर्तक म्हणून रुजू झाला आणि तीनच वर्षांत कंपनीचा निवासी नृत्यरचनाकार झाला. हे सगळे परदेशातून आलेले होते, म्हणून आपल्यासारख्यांना ही नावे जवळची वाटतात. पण ते घडले कसे, ते पाहा. तिथल्या नोव्हेर संस्थेच्या तरुण नृत्यरचनाकारांच्या संध्याकाळी कंपनीतलेच नर्तक आपल्या सहकाऱ्यांना घेऊन, फावल्या वेळात, छोट्या रचना करून दाखवत. पगार नर्तकाचा, तालमीचा हॉल कंपनीचा, आणि प्रेक्षागृहात स्वतः संचालक बसलेला. लेखकाला वही पुरते, रचनाकाराला मात्र माणसे लागतात, जागा लागते आणि त्या माणसांचा वेळ लागतो. हे तिन्ही तुमच्या हाताशी असतात ते तुम्ही कंपनीत असेपर्यंतच. म्हणून ‘आधी नाचते, मग रचना करते’ हा तुमचा बेत मला पटत नाही. दुसऱ्या हंगामापासूनच रचना करायला लागा, पाच मिनिटांची असली तरी चालेल. तुम्हाला बोलावणाऱ्या नाट्यगृहात अशी संध्याकाळ होते का, आणि होत असेल तर हॉल कोणत्या वेळी मिळतो, हेही आत्ताच विचारा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या उजव्या खुब्याला जुनी दुखापत आहे. माझ्या पहिल्या रचनेत एका जागी नर्तिकेने तोल सोडून मागे झुकायचे होते आणि जोडीदाराने तिला अगदी शेवटच्या क्षणी सावरायचे होते. मी करून दाखवत असे, नर्तक पाहून उचलत असत. आठवड्याभराने तालमीचे चित्रीकरण पाहिले तेव्हा दिसले की, एकही नर्तिका खरी कलत नव्हती. प्रत्येक जण उजवा खुबा अगोदर बाहेर काढून मग झुकत होती, कारण मी तसेच दाखवत होते. धडधाकट मुली माझी दुखापत नाचत होत्या. त्या दिवसापासून मी खुर्चीत बसून शब्दांनी सांगायला लागले, आणि तेव्हा भाषेची खरी गरज उभी राहिली. नर्तिका म्हणून इंग्रजी आणि फ्रेंच पदन्यासांची नावे यांवर कितीही वर्षे निघतात, क्लासमध्ये जर्मन लागतच नाही. रचनाकाराला मात्र प्रकाशयोजनाकाराशी, कपडेपटाशी, रंगमंचाच्या तंत्रज्ञांशी आणि नाट्यगृहाच्या संहिता-सल्लागाराशी बोलावे लागते. शिवाय आपल्या रचनेला पैसे का द्यावेत, हे अनुदानाच्या अर्जात जर्मनमध्ये पटवून द्यावे लागते. भाषेचा वर्ग पहिल्याच वर्षी लावा. तालमी बहुधा सकाळी दहा ते दोन आणि पुन्हा संध्याकाळी सहा ते दहा अशा तुटक असतात, दुपारची वेळ मोकळी मिळते.

नर्तिकेचा करार संपवून स्वतंत्र रचनाकार होण्याचा टप्पा हा या सगळ्यातला सर्वांत कठीण भाग आहे, आणि त्याचे कारण कलेत नाही, कागदांत आहे. नर्तिका असताना तुमचा राहण्याचा परवाना नाट्यगृहाच्या कराराला बांधलेला असतो. करार गेला की परवान्याचा आधारच जातो आणि स्वतंत्र कलाकार म्हणून नव्याने अर्ज करावा लागतो. त्या अर्जाला पुढच्या कामांचे पुरावे लागतात, पण नाट्यगृहे तोंडी ‘हो’ फार लवकर म्हणतात आणि लेखी करार फार उशिरा पाठवतात. इथे स्वतंत्र कलाकारांसाठी १९८३ पासून कलाकार सामाजिक निधी आहे. तो आरोग्य विमा आणि पेन्शनच्या हप्त्याचा अर्धा वाटा उचलतो, वर्षाला साधारण ३,९०० युरोंहून अधिक कमाई कलेतून असली तर त्यात प्रवेश मिळतो आणि सुरुवातीच्या तीन वर्षांना तीही अट नसते. व्यवस्था खरोखर चांगली आहे. माझी कोंडी अशी झाली की, परवाना देणाऱ्या कार्यालयाला आधी विम्याचा दाखला हवा होता आणि विम्यासाठी आधी स्वतंत्र कामाची मुभा असलेला परवाना हवा होता. दोन्ही खिडक्यांवर माणसे सभ्य होती आणि दोन्हीकडून मला दुसरीकडे पाठवले जात होते. एका अधिकाऱ्याने माझी फाइल चाळून ‘म्हणजे तुम्ही आता स्वतः नाचत नाही, मग करता काय?’ असे शांतपणे विचारले. त्याच्या विचारण्यात दुष्टपणा नव्हता, तरी तो प्रश्न मला अजून टोचतो, कारण त्या वेळी माझ्याकडे त्याचे कागदावर दाखवता येईल असे उत्तर नव्हते. म्हणून सांगते, कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना नर्तिकेच्या पगारावर असतानाच मिळवा आणि तो हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नका, रचनेची कितीही मोठी संधी समोर आली तरी.

हक्कांचेही थोडे सांगते. जर्मन स्वामित्वहक्क कायद्यात नृत्यरचना ही स्वतंत्र कलाकृती मानलेली आहे, तेव्हा प्रत्येक रचनेचे चित्रीकरण तारखेसह जपून ठेवा आणि करारात मानधनाबरोबर दर प्रयोगामागे रक्कम मागा. संगीताच्या बाबतीत संगीतकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे हक्क टिकतात. रशियन संगीतकार शोस्ताकोविच १९७५ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे संगीत २०४५ अखेरपर्यंत प्रकाशकाच्या परवानगीशिवाय रंगमंचावर नाचता येणार नाही. अठराव्या शतकातला संगीतकार बाख मोकळा आहे, पण त्याचे ध्वनिमुद्रण मोकळे असेलच असे नाही. रचना बसवून झाल्यावर परवानगी मागायला जाऊ नका.

तुम्हाला आणखी एका मागणीला तोंड द्यावे लागेल. ‘तुमच्या मातीतले काहीतरी करा’ असे सौजन्याने सुचवले जाईल. ज्या कलेत देवदासी आणि योद्ध्यांचा एक काल्पनिक भारत १८७७ साली पीटर्सबर्गमध्ये ‘ला बायादेर’ या बॅलेत रचला गेला आणि आजही जगभर नाचला जातो, त्या कलेत हे होणारच. मी बॅले शिकले, माझे शरीर बॅलेत घडले. मला कथक किंवा भरतनाट्यम येत नाही आणि न येणाऱ्या मुद्रा माझ्या नर्तकांच्या हातांवर चिकटवणे हा त्या नृत्यशैलींचा अपमान आहे, असे मी प्रत्येक वेळी सांगितले. त्यामुळे काही कामे गेली. तुम्हाला ती विद्या येत असेल तर जरूर वापरा. नसेल, तर नकार देण्याची तयारी ठेवा.

एकटेपणाबद्दल तुम्ही बरेच विचारले आहे, पण मला त्यावर फार लिहावेसे वाटत नाही. नर्तिकेला तो फारसा जाणवत नाही, कारण दिवसभर माणसांच्या घोळक्यात घाम गाळायचा असतो आणि रात्री झोप येते. रचनाकार झाल्यावर मात्र एक फरक पडतो. काल जिच्याबरोबर कपडे बदलण्याच्या खोलीत संचालकाबद्दल बोलत होतो, तीच मैत्रीण आज आपण आत आलो की विषय बदलते, कारण भूमिका कोणाला द्यायची हे आता आपण ठरवतो. त्याची सवय होते.

ज्याची सवय झाली नाही ते मुलाच्या शाळेचे आहे, आणि तुमची मुलगी सहा वर्षांची आहे म्हणून ते लिहिणे भाग आहे. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. अभ्यासक्रम, सुट्ट्या, शाळांची रचना, सगळे राज्यागणिक बदलते. बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी होते: विद्यापीठाकडे सरळ नेणारी गिम्नाझियुम आणि व्यवसाय शिक्षणाकडे वळणाऱ्या इतर शाळा. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये हे सहावीनंतर होते. बव्हेरियात गिम्नाझियुमसाठी जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांत सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते, आणि इथे १ हा सर्वोत्तम गुण असतो. आता हे नर्तिकेच्या आयुष्याशेजारी ठेवून पाहा. संचालक बदलला, माझा करार वाढला नाही आणि आम्ही दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या नाट्यगृहाच्या गावी गेलो. माझा मुलगा तेव्हा चौथीत होता. गणितात तो वर्गाच्या पुढे होता, पण जर्मनमध्ये निबंध लिहिताना अडखळत होता. नव्या शाळेने त्याला काही महिने पाहून गिम्नाझियुमची शिफारस नाकारली. वर्गशिक्षिका मला म्हणाल्या की, आईवडील कलाकार असले की मुलांना अभ्यासाची शिस्त कमी असते. मी सकाळी दहाला बारला उभी राहणारी बाई, शिस्तीचे हे प्रमाणपत्र मी त्यांच्यासमोर बसून ऐकून घेतले, कारण वाद घालण्याइतके जर्मन मला तेव्हा येत नव्हते.

मुलगा आता मोठा झाला आहे. लाकूडकामाचे शिक्षण घेऊन एका नाट्यगृहाच्या नेपथ्य-कार्यशाळेत काम करतो आणि आनंदात आहे, असे तो म्हणतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवते. पण त्याने बनवलेल्या जिन्यावरून नर्तक उतरताना पाहते तेव्हा त्या जिन्याची भूमिती त्याने किती अचूक साधली आहे हे मला दिसते, आणि त्या शिक्षिकेचे वाक्य आठवते. यावर मला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही, आणि तुम्हालाही देता येणार नाही.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. मुलीला आणि यजमानांना पहिल्याच हंगामात बरोबर आणा, एक वर्ष थांबून पाहू असे करू नका, म्हणजे ती पहिलीपासून जर्मनमध्येच लिहायला शिकेल. तुमचा करार ऑगस्टपासून असेल तर शाळेतली नावनोंदणी त्याच्या बरीच आधी सुरू होते, नाट्यगृहाच्या कार्यालयाला त्यात मदत करायला सांगा. तिच्या तिसरी-चौथीच्या दोन वर्षांत तुम्ही त्याच राज्यात राहाल असे पाहा. त्या काळात करार वाढला नाही, तर त्याच राज्यातल्या दुसऱ्या नाट्यगृहात कमी दर्जाची जागा मिळाली तरी घ्या, आणि तिथे तरुण रचनाकारांची संध्याकाळ होत नसेल तर ती सुरू करण्याचा प्रस्ताव पहिल्याच महिन्यात लेखी द्या.