हातमोजे घालणार असू, तर सलाईन लावण्याआधी हात धुवायलाच हवेत का? (नाशिक, बी.एस्सी. नर्सिंग पहिलं वर्ष)

हो, धुवायलाच हवेत. मोजे घालण्याआधीही आणि काढल्यावरही. मोज्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असू शकतात, आणि काढताना बाहेरची घाण हाताला लागू शकते. शिवाय न धुतलेल्या हाताने खोक्यातून मोजा ओढला की तो बाहेरून आधीच खराब झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्यासाठी सांगितलेल्या ‘पाच क्षणां’मध्ये निर्जंतुक प्रक्रियेआधीचा क्षण वेगळा दिलाय, तो यासाठीच. सुई थेट शिरेत जाते. त्वचेचं कुंपण आपणच मोडतो.

हात स्वच्छ दिसत असतील तर धुण्याऐवजी अल्कोहोल हँडरब २० ते ३० सेकंद, हात सुकेपर्यंत चोळा. नाशिकच्या डिसेंबरात नळाचं पाणी नको वाटतं, तेव्हा तर हेच सोयीचं. अंगठा आणि बोटांची टोकं बहुतेकांची राहून जातात. पुढची खरी चूक मात्र वेगळीच असते: स्पिरिट लावून झाल्यावर शीर सापडत नाही म्हणून त्याच जागी पुन्हा बोट लावणं. लावलंत, तर जागा परत पुसा आणि पूर्ण सुकू द्या. फुंकर मारू नका! नंतर सलाईनची बाटली बदलताना किंवा पोर्टमधून (औषध आत सोडायच्या तोंडातून) इंजेक्शन देतानाही हात आधी स्वच्छ करा, पोर्ट चोळून पुसा.

एक अपवाद लक्षात ठेवा: हाताला रक्त किंवा मळ दिसत असेल, किंवा रुग्णाला क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूचे जुलाब असतील, तर हँडरब पुरत नाही. तिथे साबण-पाणीच, ४० ते ६० सेकंद.