बिस्क, चायना, पॅरियन: सगळ्याच ‘चिनी मातीच्या बाहुल्या’?

प्रश्न असा आहे: जुन्या युरोपीय बाहुल्यांच्या वर्णनात ‘बिस्क’, ‘चायना’ आणि ‘पॅरियन’ हे शब्द येतात. मराठीत तिन्हींना ‘चिनी मातीची बाहुली’ म्हणावे का?

सर्वसाधारण लेखात म्हणायला हरकत नाही, कारण तिन्हींचा पदार्थ एकच, पोर्सेलीन, म्हणजेच चिनी माती. पण संग्राहक ज्या गोष्टीवरून बाहुली ओळखतो, नेमकी तीच त्यात निसटते. ती म्हणजे झिलई, वरचा काचेसारखा चकचकीत थर.

‘चायना’ म्हणजे झिलईची. १८४०च्या दशकापासून जर्मनीत बाहुल्यांची अशी डोकी मोठ्या प्रमाणावर बनू लागली. केस साच्यातच घडवून बहुधा काळे रंगवलेले, गाल गुलाबी आणि चेहरा चकचकीत. युरोपला पोर्सेलीन आधी चीनकडूनच मिळत असल्यामुळे देशाचे नाव पदार्थाला चिकटले. १७१०मध्ये जर्मनीतल्या माइसेनला युरोपचा स्वतःचा कारखाना निघाला, तरी ते सुटले नाही. ‘चिनी माती’ म्हणताना आपणही तेच करतो. पण म्हणून ‘चायना डॉल’चे भाषांतर ‘चिनी बाहुली’ असे मुळीच करू नये. वाचक ती चीनची समजेल, आणि ती बिचारी बहुधा जर्मनीतल्या थुरिंगियाची असते.

‘बिस्क’ म्हणजे बिनझिलईची. हा शब्द बिस्किटाचा सख्खा भाऊ आहे. दोन्हींच्या मुळाशी ‘दोनदा भाजलेले’ हा अर्थ आहे. गंमत अशी, की मातकामात झिलई चढवण्याआधीच्या, म्हणजे पहिल्याच भाजणीला हे नाव पडले आणि मूळ अर्थ तिथे हरवला. बाहुलीच्या डोक्याबाबत मात्र तो पुन्हा खरा ठरतो. डोके आधी प्रखर आचेवर भाजत, मग घासून गुळगुळीत करत, त्यावर गाल, ओठ, भुवया रंगवत आणि कमी आचेवर पुन्हा भट्टीत घालत. रंग असा पक्का झाल्यामुळेच शंभर-सव्वाशे वर्षांनीही गालांची लाली टिकून दिसते. झिलई नसल्याने चेहऱ्याला त्वचेसारखा मंद पोत येतो. पॅरिसच्या झ्युमो आणि ब्रू या कारखान्यांची कीर्ती या पोतावर आणि काचेच्या डोळ्यांवर उभी राहिली.

‘पॅरियन’ हेही बिनझिलईचेच, फक्त त्याला त्वचेचा रंग दिलेला नसतो. ग्रीसमधल्या पारोस बेटाच्या शुभ्र संगमरवरावरून हे नाव आले.

आता वापरातली एक मेख. ‘बिस्क बाहुली’ म्हटले की ती नखशिखांत बिस्कची, असे वाटते. बहुतेकींचे फक्त डोके बिस्कचे असते. धड चामड्याचे, किंवा लाकडाचा भुसा, कागदाचा लगदा आणि सरस यांच्या मिश्रणाचे. संग्राहक बाहुलीचे नाव डोक्यावरून ठरवतात, आणि ते रास्तही आहे, कारण कारखान्याची खूण व साच्याचा क्रमांक बहुधा मानेच्या मागे कोरलेला असतो. तिथे ‘जर्मनी’ असे देशाचे नाव असेल, तर बाहुली बहुधा १८९१ किंवा नंतरची. १८९०च्या अमेरिकी आयातकर कायद्याने मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले होते. मात्र नाव नाही म्हणून ती आधीची, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. अगदी लहान बाहुल्या कधीकधी पूर्ण बिस्कच्या असतात. त्यांना ‘ऑल-बिस्क’ म्हणतात. मराठीत ‘सबंध बिस्कची’ सहज चालेल.

माझा सल्ला: सर्वसाधारण लेखात पहिल्यांदा ‘बिनझिलईच्या चिनी मातीचे डोके असलेली, म्हणजे बिस्क बाहुली’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘बिस्क’ वापरावे. ‘दुभाजी’ वगैरे प्रतिशब्द घडवू नयेत. ते कोणी बोलणार नाही, आणि ‘दुभाजी’त ‘भाजी’ दिसते ती वेगळीच.

राहिला ‘बिस्कचे’ की ‘बिस्काचे’ हा उपप्रश्न. परका शब्द नवा असतो तोवर मराठी त्याला सामान्यरूप न करताच प्रत्यय लावते, ‘मोबाइलचे’ म्हणतो तसे. अंगवळणी पडला की ‘पेनाचे’, ‘बिस्किटाचे’ होते. ‘बिस्क’ अजून मोजक्यांच्या तोंडी आहे, तेव्हा सध्या ‘बिस्कचे’च बरे.