टेस्ट मशीनचा डेस्कटॉप आधी नीट लाव

हिंजवडीतल्या मशीनवर स्क्रीनवर आपोआप क्लिक करणाऱ्या टेस्ट लावून तू घरून रिमोट डेस्कटॉपने डोकावतोस आणि खिडकी बंद करतोस ना, घोळ तिथेच होतो. जोडणी तुटली की विंडोज ते सेशन (तुझं लॉगिन आणि त्याचा डेस्कटॉप) लॉक करतं; मग क्लिक लागणार कुठे? सेशन लॉक न करता दुरून स्क्रीन दाखवणारं व्हीएनसी वापर, नाहीतर निघताना ॲडमिन अधिकाराने ‘टीएसकॉन’ ही विंडोजची कमांड चालवून सेशन कन्सोलकडे, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या स्क्रीनकडे वळव.

एजंट, म्हणजे टेस्ट चालवणारा प्रोग्रॅम, सर्व्हिस म्हणून पडद्यामागे चालवू नकोस. सर्व्हिस ‘सेशन ०’ या वेगळ्या सेशनमध्ये असते, तिला डेस्कटॉप मिळत नाही. ऑटो-लॉगिनचं वेगळं खातं कर, त्याला ॲडमिन अधिकार नकोत. स्लीप, स्क्रीनसेव्हर बंद. रिझोल्यूशन १९२०×१०८०, स्केलिंग १०० टक्के. १२५ केलंस तर चित्र जुळवणाऱ्या टेस्ट आपटल्याच म्हणून समज. मॉनिटर काढलास तर मॉनिटर जोडलाय असं मशीनला भासवणारा एचडीएमआय डमी प्लग लाव. आणि पावसाळ्यात वीज जातेच, तेव्हा वीज परतल्यावर मशीन आपोआप सुरू होईल असं बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ठेव.