जिना चढले आणि उत्तर दिशा हरवली

प्रश्न : भुयारी मेट्रोतून वर आलं की मी हमखास उलटीकडे चालू लागते. असं का होतं?

उत्तर : मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात ‘स्थानपेशी’ दाखवल्या, विशिष्ट जागी आलं की विशिष्ट पेशी चेतते. तुमची गडबड मात्र वेगळ्या, डोकं कुठल्या दिशेला आहे ते सांगणाऱ्या पेशींची. वळणांचा हिशेब त्यांना आतल्या कानाकडून मिळतो. बाहेरच्या खुणा दिसेनाशा झाल्या की त्यात वळणागणिक थोडी चूक साचते आणि डोक्यातला अख्खा नकाशाच फिरतो.

वर येताच चालू नका. लांबची, ओळखीची इमारत शोधा, मग वळा. जवळची टपरी कुचकामी. चार पावलं सरकलात की तिची दिशा बदलते. (फोनमधलं होकायंत्रही लोखंडाजवळ फसतं.)