बरं झाल्यावरही मेंटल हॉस्पिटलमध्येच राहायचं का, दुसरी सोय असते का?

असते, पण फार कमी ठिकाणी. चेन्नईची 'द बनियन' संस्था आहे, 1993 पासून रस्त्यावरच्या मानसिक आजारी बायकांसाठी काम करते, त्यांनी 2015 ला 'होम अगेन' सुरू केलं. त्यात काय, तर साध्या वस्तीत भाड्याचं घर घ्यायचं, चार-पाच जणींनी एकत्र राहायचं, स्वयंपाक, बाजारहाट, शेजाऱ्यांशी गप्पा सगळं नेहमीसारखं, आणि ज्यांना जेवढी लागेल तेवढी मदत करायला ट्रेनिंग घेतलेली माणसं, म्हणजे गोळ्या वेळेवर, डॉक्टरकडे नेणं, बँकेचं काम वगैरे. नुसती खोली देऊन हे होत नाही हो, दोन महिन्यांत गोळ्या बंद होतात न माणूस परत वॉर्डात. आपल्याकडे रत्नागिरीतही त्यांचं काम आहे, तिथे विचारून बघा.

आणि हे हॉस्पिटलवाल्यांना सांगा, 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 19 म्हणतं की घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही एवढ्याच कारणाने कुणाला आत ठेवता येत नाही. बाहेर आधाराची घरं उभी करणं सरकारचं काम आहे, आता ती किती झालीत ते दिसतंच आहे म्हणा.