412 दिले, 412 आले

तुमचा प्रश्न वाचला आणि पीएचडीचं तिसरं वर्ष डोळ्यांसमोर आलं. 1,180 एन्सेम्बल आयडी (एन्सेम्बल या जीन-डेटाबेसमधले जीनचे क्रमांक) बायोमार्टला, म्हणजे त्यांची नावं शोधून देणाऱ्या एन्सेम्बलच्याच साधनाला दिले, 1,163 ओळी परत आल्या. उरलेली 17 नावं हाताने शोधू, की सगळी यादी डेव्हिडमध्ये (जीनच्या यादीचा अर्थ लावून देणारी वेबसाइट) टाकू, असं विचारताय. खरं सांगू? तुमचं नशीब, आकडा जुळला नाही. माझा जुळला होता.

मी 412 आयडी दिले, 412 ओळी आल्या. खूश होऊन नावांचा रकाना उचलला आणि एक्सेलमध्ये कोणता जीन किती वाढला-घटला त्या माझ्या आकड्यांशेजारी चिकटवला. बायोमार्ट आपण दिलेल्या क्रमाने उत्तर देईलच असं नाही, हे डोक्यातच आलं नाही. त्यात निकालातल्या आयडीच्या रकान्याची टिक मीच काढलेली, म्हटलं आयडी तर आपल्याकडे आहेतच! दोन आयडी डेटाबेसमधून बाद झालेले, ते गुपचूप गळले. दुसऱ्या दोघांना एनसीबीआय या अमेरिकी डेटाबेसचे दोन-दोन क्रमांक, म्हणून त्यांच्या ओळी दुप्पट. वजा दोन, अधिक दोन, हिशेब चोख, पण नावं भलत्याच आकड्यांसमोर.

एसआयआरएनएने (जीन बंद पाडणारा आरएनएचा छोटा तुकडा) जो जीन दाबला होता, तोच यादीत वाढलेला दिसत होता. तिथेच थांबायला हवं होतं. पण 'फीडबॅक असेल' म्हणत प्रायमर मागवले आणि चार महिने क्यूपीसीआरपुढे (एकेका जीनचं प्रमाण मोजायची चाचणी) बसले. सिक्वेन्सिंग करून देणाऱ्यांना तीनदा मेल केला, कोणत्या रिलीजची जीटीएफ फाइल (कोणता जीन जीनोमवर कुठे आहे त्याची यादी) वापरलीत? तीनदा एकच उत्तर: 'लेटेस्ट'. अहो, लेटेस्ट म्हणजे कधीचं? दूध आहे का ते? तो एक आकडा मिळाला असता तर बाद आयडींचा संशय पहिल्याच दिवशी आला असता.

तेव्हा आधी ती जीटीएफ हट्टाने मागून घ्या. जीनची नावं बहुतेक वेळा तिच्यातच असतात, बायोमार्टकडे जायची गरजही पडत नाही. जेनकोड 19 (माणसाच्या जीनयादीची जुनी आवृत्ती) निघाली तर तुमचा डेटा जीआरसीएच37 वरचा, म्हणजे मानवी जीनोमच्या जुन्या नकाशावरचा. तो आजच्या 38 वाल्या एन्सेम्बलमध्ये शोधलात तर काही आयडी गळणारच. जोडणी आयडीवरूनच करा, आर या प्रोग्रॅमिंग भाषेतलं मॅच फंक्शन वापरून. शेजारी-शेजारी चिकटवणं बंद.

डेव्हिडबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. 2010 ते 2016 त्यांची माहिती अद्ययावत झालीच नव्हती आणि लोक बिनधास्त पेपर छापत होते. आता सुधारलंय, पण माझा हात तिकडे वळत नाही. तुमच्या गाइडचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका, सही त्यांची लागते.

जाता जाता, यादी एक्सेलमधून फिरून आली असेल तर त्यात तारखा आहेत का बघा. सेप्ट2 या जीनच्या नावाची एक्सेल 2 सप्टेंबर ही तारीख करून टाकतं. शेवटी एचजीएनसीने (माणसाच्या जीनना अधिकृत नावं देणारी समिती) जीनचंच नाव बदलून सेप्टिन2 केलं.

मी फक्त माणूस आणि उंदरावर काम केलंय, वनस्पतींचं मला विचारू नका. ते 17 आयडी एन्सेम्बलच्या आयडी हिस्टरी कन्व्हर्टरमध्ये घाला, आणि तरी जे उरतील ते इथे टाका, रात्री बघते.